सहा वारांची कैफियत

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी एका व्याख्यानास जाण्याचा योग आला. वक्ते अर्थशास्त्राचे जाणते, वाणी प्रासादिक, आणि विषय सामान्य माणसाच्या सुखाचा. दीड तास मी एकाग्र चित्ताने ऐकत होतो, आणि त्यांच्या व्यासंगाविषयी तेव्हा माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो आजही तसाच आहे. परंतु जो सिद्धान्त त्यांनी श्रोत्यांपुढे मांडला, आणि ज्याला सभागृहाने टाळ्यांच्या गजरात मान्यता दिली, तो मला इतका असत्य व इतका घातक वाटला की त्याविषयी मौन पाळणे ही कर्तव्यच्युती होईल असे मला घरी परतताना सारखे वाटत राहिले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: सामान्य माणसाच्या आठवड्यातील सहा दिवस हे निव्वळ खर्ची पडणारे दिवस होत, त्यांत आनंद नाही, ज्ञान नाही, आणि रंजन तर नाहीच, या तिन्ही वस्तू निराळ्या ठिकाणी, निराळ्या वेळी आणि बहुधा मोल देऊन मिळवाव्या लागतात, रविवारची सुटी, वर्षाकाठचा प्रवास आणि एखादा रीतसर अभ्यासक्रम ही त्यांची तीन द्वारे, आणि रोजच्या जगण्यात आनंद पाहा असे जे लोक सांगतात ते, जाणून असो वा नकळत असो, कष्टकऱ्यास आहे त्या स्थितीत समाधान मानावयास शिकवून धनिकाचे काम सोपे करतात.

मी महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केली आहे. वक्त्यांनी ज्यांना खर्ची टाकले त्या सहा-सहा दिवसांना मी बत्तीस वर्षे हजेरी लावली, आणि म्हणून या दाव्यात साक्ष देण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो. आमच्या सातबाराच्या उताऱ्यावर जिराईत आणि बागाईत यांच्याबरोबर पोटखराब नावाचा एक रकाना असतो. शेताच्या पोटातील जो तुकडा खडकाळ, ओघळीचा किंवा अन्य कारणाने लागवडीस अयोग्य ठरला तो तेथे दाखल करतात आणि त्यावर आकार बसवीत नाहीत. वक्त्यांनी आठवड्याच्या उताऱ्यावर नेमके हेच केले. सात दिवसांचे क्षेत्र मोजले आणि त्यांतील सहा दिवस पोटखराब म्हणून लिहून टाकले. परंतु ही नोंद कोणा पाहणीदाराने कोणा एका दिवशी केलेली असते, एवढे दप्तरात बसणारा माणूस कधी विसरत नाही. मी अशी कित्येक पोटखराब क्षेत्रे प्रत्यक्ष पाहिली आहेत की जेथे मागाहून दोन पिढ्यांनी दगड वेचले, ताली घातल्या, ओढ्याचा गाळ पाट्यांनी वाहून टाकला, आणि जेथे आज ज्वारी माणसाच्या उंचीची उभी राहते. कागद जुनाच राहिला, जमीन मात्र पालटून गेली.

प्रथम ज्ञानाचा मुद्दा घेतो, कारण त्याचा दाखला माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला दप्तरखान्यात बसविण्यात आले. ती जागा कोणास नको असे. भिंतीला भिडलेल्या फळ्या, त्यांवर लाल फडक्यांत बांधलेले रुमाल, एकच खिडकी, आणि कसरीने खाल्लेल्या कागदांचा तो विशिष्ट वास. तेथे एक वृद्ध कारकून होते. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणत असू. जुन्या रुमालांतील निम्मे कागद मोडीत होते आणि मला मोडीचे एक अक्षर येत नव्हते. अण्णांनी मला पुस्तक दिले नाही की शिकवणीचा दिवस ठरवून दिला नाही. जेवणाच्या सुटीत डबा धुऊन झाला की ते एक रुमाल सोडीत, एक कागद माझ्यापुढे ठेवीत आणि म्हणत, "आज एकच ओळ. दुसरीकडे बघायचं नाही." मोडीत लेखणी न उचलता ओळ पुढे धावते, शब्दाशब्दांत अंतर सोडलेले नसते, इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, त्यामुळे अक्षर ओळखले म्हणून शब्द लागतोच असे नाही, शब्द लागावा म्हणून मजकूर कळावा लागतो, आणि मजकूर कळावा म्हणून तो लिहिणाऱ्या माणसाची अडचण, त्याचा काळ आणि त्याची फिर्याद समजावी लागते. रोज एक ओळ, आठवड्यास सहा ओळी. पहिल्या आठवड्याअखेर एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत जुंपलेल्या तंट्याचे निम्मे कारण माझ्या हाती लागले होते, आणि उरलेले निम्मे सोमवारी कळणार या विचाराने तो रविवार मला लांबलेला वाटला, हे मी कसलीही अतिशयोक्ती न करता लिहितो.

तेव्हापासून सातबाराचा कागददेखील माझ्या दृष्टीने निराळा झाला. त्या उताऱ्यावर शेताच्या स्थानिक नावासाठी जागा असते. बहुतेकांचे लक्ष क्षेत्रावर आणि मालकाच्या नावावर असल्यामुळे ती कोणी वाचीत नाही. चिंचेचे, मळई, डोंगरपड, सतीचा माळ, घोडेबांधणी, अशी नावे एकापुढे एक येऊ लागली की गावाचा सारा पूर्वेतिहास ओळीने उभा राहतो. जेथे आज चिंच नाही तेथे ती कधी होती, जेथे आज ऊस आहे तेथे कधी घोडी बांधली जात, हे त्या एका रकान्यावरून कळते. ही विद्या मला कोणत्या अभ्यासक्रमाने दिली असती? आणि ती दिली असती तरी पाणीपाळीच्या त्या दोन भावांविषयी जी आस्था माझ्या मनात उत्पन्न झाली ती कोणत्या परीक्षेत मोजली गेली असती?

येथे कोणी म्हणेल की हा एका माणसाचा योगायोग झाला. तर एका समाजाचा दाखला देतो. रत्नागिरीचे सार्वजनिक वाचनालय १८२८ साली, नाशिकचे १८४० साली, पुण्याचे १८४८ साली, कोल्हापूरचे १८५० साली उभे राहिले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. म्हणजे ज्या काळी पदवी देणारी एकही संस्था या प्रांतात नव्हती, त्या काळी आमच्या गावांनी वाचण्याची सोय आधी करून ठेवली होती, आणि ती बहुतांशी अशा लोकांसाठी की जे दिवसभर कचेरीत, पेढीवर किंवा शाळेत काम करून सायंकाळी दिवा लागल्यावर तेथे येणार. त्या पायऱ्या झिजल्या त्या साध्या वारी येणाऱ्या माणसांच्या पायांनी. मी राहतो त्या वाईत विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, आणि सर्व विषयांचा तो अवाढव्य व्यवहार कृष्णेकाठच्या एका तालुक्याच्या गावी, वार्षिक यात्रेसारखा नव्हे तर रोजच्या कामासारखा, नोंदीमागून नोंद तपाशीत चालला. ज्ञान हे साध्या दिवसाच्या बाहेर राहते असे मानणाऱ्याने तो खंड एकदा हातात घेऊन तोलून पाहावा.

वक्त्यांच्या मांडणीतील दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आनंद, ज्ञान आणि रंजन या तीन स्वतंत्र वस्तू आहेत आणि त्यांची तीन स्वतंत्र दुकाने असावयाची, हे त्यांनी सिद्ध केलेच नाही. ते त्यांनी गृहीत धरले. आमच्याकडे तसा शिरस्ता नव्हता. नारदीय कीर्तनाची रचनाच पाहा. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण होते, त्यात शास्त्र येते, शब्दांची व्युत्पत्ती येते, शंका आणि समाधान येते. मग मध्ये नामाचा गजर होतो. आणि उत्तररंगात आख्यान लागते, ज्यात बुवा राजा होतात, रंक होतात, सासू होतात आणि हरिणीही होतात. ऐकणाऱ्या बाईला कोणी विचारले असते की यातील ज्ञान कोठे संपले आणि करमणूक कोठे सुरू झाली, तर तिला तो प्रश्नच कळला नसता. गाडगे महाराज गावात आले की प्रथम खराटा हाती घेऊन गाव झाडीत, आणि मग त्याच दिवशी, त्याच झाडलेल्या जागेत, रात्री कीर्तनास उभे राहून समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढीत. झाडणे हे काम, शिकणे हे कर्तव्य आणि हसणे ही करमणूक, असे तीन खातेउतारे त्या रात्रीचे पाडून दाखवावेत, मी माझे म्हणणे मागे घेईन.

हे जुन्या काळापुरते आहे असेही नाही. १९५५ सालच्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. गदिमांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल द्यावी, आणि आठवड्यास एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीते व्हावीत असा तो क्रम होता. माझे वडील सांगत की ज्या घरी रेडिओ होता त्या घराच्या ओटीवर शेजारीपाजारी वेळेपूर्वी येऊन बसत, कोणी वही घेऊन शब्द उतरवून घेई, आणि पुढील गीत येईपर्यंत मागल्या गीताची चाल स्वयंपाकघरातून, विहिरीवरून आणि दुकानाच्या गल्ल्यावरून कानी पडत राही. मला या उदाहरणात महत्त्वाची वाटते ती ही मधली मुदत. गीत काही मिनिटांचे, पण त्यावर लोक सात दिवस जगत. गाणे ऐकण्याचा दिवस एक असेल, त्याचे पाठांतर, त्यावरील चर्चा आणि पुढल्याची वाट पाहणे हे बाकीच्या दिवसांतच घडत होते. आज एका बैठकीत संपूर्ण कथा पाहून संपविण्याची सोय झाली आहे. तिला मी दूषण देत नाही. परंतु त्या सोयीने रंजन वाढले असे म्हणणाऱ्याने त्या सात दिवसांचाही हिशेब मांडला पाहिजे.

आता रविवारविषयी. दिवस सूर्याने दिला, महिना चंद्राने दिला, वर्ष ऋतूंनी दिले; आठवडा मात्र माणसाने केला, आणि आपल्याकडे तो बाहेरून आला असे विद्वान मानतात. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, इसवी सन ४८४ च्या सुमारास, तिथीबरोबर गुरुवाराचा निर्देश आहे. आपल्या दिनांकित लेखांतील वाराचा हा अतिप्राचीन उल्लेख होय. या वारांचा क्रम कसा लागला हे आर्यभटाने सांगून ठेवले आहे. शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत ग्रहांचा क्रम लावावा. अहोरात्राच्या २४ होरा एकेका ग्रहास त्या क्रमाने द्याव्यात. पहिल्या होरेचा जो स्वामी तोच त्या दिवसाचा स्वामी. सातांनी चोविसास भागले असता तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा क्रमातील चौथ्या ग्रहास जाते: शनीनंतर रवि, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही. परंतु ज्यांनी वार निर्माण केले त्यांच्या मनातील रचना तरी आपण नीट पाहावी. त्या रचनेप्रमाणे कोणताही दिवस एकट्या एका ग्रहाचा नाही. रविवारी सूर्याच्या वाट्यास चोविसांपैकी चार होरा येतात, शुक्र व बुध यांनाही चार-चार, आणि शनीसह उरलेल्या चौघांना तीन-तीन. आणि शनिवारच्या पोटातही सूर्याच्या तीन होरा निश्चित असतात. सातही वार प्रत्येक वारात आहेत. एक दिवस सर्वस्वी सुखाचा आणि सहा दिवस सर्वस्वी कष्टाचे, ही वाटणी मूळ दस्तऐवजात नाही; ती आपण मागाहून घुसडली आहे.

आणि आकाशाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण वक्त्यांनी मोल देऊन मिळणाऱ्या सुखांची यादी वाचून दाखविली तेव्हा माझ्या मनात हेच आले. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेस सरकतो. आपल्या पूर्वजांनी त्याच्या मार्गाचे २७ भाग केले, त्यांतील प्रत्येक १३ अंश २० कलांचा, म्हणजे जवळजवळ एका रात्रीच्या मुक्कामाएवढा. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते. इतकी सामग्री ज्याच्यापाशी आहे, आणि ती प्रत्येकापाशी आहे, त्याने कार्तिकी पौर्णिमेपासून एक आठवडा रोज रात्री दहा मिनिटे बाहेर उभे राहावे. पौर्णिमेस चंद्र कृत्तिकांच्या झुबक्याजवळ असतो. दुसऱ्या रात्री तांबूस रोहिणीपाशी. मग मृग, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचे दोन तारे. रोज तो सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, आणि वाईसारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावी पंचांगातील वेळेनंतरही त्याला डोंगराआडून वर येण्यास काही अवधी लागतो. सात रात्रींत हे सारे डोळ्यांपुढे घडते. ते एकदा पाहिलेल्या माणसाला तिथी म्हणजे काय, तिची वृद्धी व क्षय का होतात, महिन्याचे नाव कार्तिक का, हे पुस्तकाशिवाय उमजू लागते. सकाळी घाटावर गेले तर धुण्याच्या दगडांवर शेपटी हलवीत परीट पक्षी धावताना दिसतो. तो हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा आहे, आणि उन्हे तापू लागली की जाईल. दुर्गाबाई भागवतांनी ऋतुचक्रात महिन्यामागून महिना झाडे, पाखरे आणि आकाश यांचा जो पाठपुरावा केला, तो १९५६ साली ग्रंथरूपाने आला तेव्हा मराठी वाचक थक्क झाला. पण ज्या झाडांविषयी त्या लिहीत होत्या ती त्या वाचकांच्या रस्त्यावरच उभी होती.

येथवर लिहिलेले वक्त्यांपर्यंत पोहोचले, तर ते म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे न्याय्य असेल, की निवृत्त कारकुनाला चंद्र पाहावयास सवड आहे. ज्या बाईला पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत पाठ टेकता येत नाही तिला हे सांगावयाचे काय? त्यांचा हा आरोप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्यास बगल देऊन मला पुढे जावयाचे नाही. त्यांनी त्यासाठी नारायण मेघाजी लोखंड्यांचे नाव घेतले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून रविवार मिळविला, यावरून सहा दिवसांत माणसासारखे काही नव्हते हे सिद्ध होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. लोखंड्यांचे नाव मला पूज्य आहे, आणि त्याच कारणाने हा युक्तिवाद मला मान्य नाही.

१८८४ साली परळच्या सभेतून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज सादर झाला, त्यातील मागण्या मुळात वाचाव्यात. पहिली मागणी रविवारच्या सुटीची आहे हे खरे. परंतु तिच्यामागून लगेच येते ती रोज दुपारी अर्धा तास विश्रांतीची. आणि त्यानंतर, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशा मागण्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. इतिहासाने रविवार लक्षात ठेवला आणि दुपारचा तो अर्धा तास विस्मृतीत गेला. माझ्या मते त्या अर्जातील सर्वांत तेजस्वी ओळ तीच. ज्या माणसांनी सहा दिवस मालकाच्या नावे लिहून दिले असते त्यांनी एका सुटीवर समाधान मानले असते. या माणसांनी सोमवारची दुपार मागितली, मंगळवारची संध्याकाळ मागितली. सूर्य मावळल्यानंतरचा साधा वार हा आपला आहे, असा त्यांचा दावा होता. तो दावा आज सोडून देण्याचा अधिकार व्याख्यानपीठावरील कोणास नाही. सहा दिवस रितेच असतात असे एकदा ठरले की ते आणखी दोन तासांनी लांबविण्यास, त्यांतील जेवणाची सुटी कापण्यास आणि घरी गेलेल्या माणसास रात्री पुन्हा कामास बोलावण्यास हरकत ती कोणती राहिली? धनिकाचे काम सोपे होते ते कोणत्या शिकवणीने, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

त्या पहाटे उठणाऱ्या बाईविषयीही बोलतो, परंतु जपून. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्यांवरून दळण सुखाचे होते असे कोणी अनुमान काढील तर ते क्रूर होईल. जाते जड होते, झोप अपुरी होती, आणि पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायांचे खांदे सुटले हे फार चांगले झाले. परंतु एक लाख ओव्या हा निश्चेष्ट मनाचा पुरावा नव्हे. अंधाऱ्या पहाटे, दुसऱ्या कोणाचा अधिकार न चालणाऱ्या त्या दोन घटकांत, त्या बायांनी भावाशी, आईशी, सीतेशी, पंढरीच्या वाटेशी आणि नवऱ्याच्या अन्यायाशी जो संवाद मांडला तो कोणी त्यांना दिला नव्हता आणि कोणास तो हिरावूनही घेता आला नाही. असोद्याची, अक्षर न ओळखणारी बहिणाबाई शेतात आणि चुलीपुढे रचीत राहिली. तिचे चिरंजीव सोपानदेव आणि दुसरा एक आप्त यांनी जे टिपून ठेवले होते ते तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आले. तिची गाणी सुटीच्या दिवसाची नाहीत. ती पेरणीची, मळणीची आणि भाकरीची आहेत. तिला आपण सांगणार काय, की बाई, तुझे सहा दिवस पोटखराब होते?

बाजाराचेही तसेच. गोव्यात म्हापशाला शुक्रवार म्हटले की बाजार हा अर्थ आधी येतो, आणि आमच्या घाटावरच्या गावांनाही आपापला बाजारवार आहे. भाजीची पाटी घेऊन दहा मैलांवरून येणाऱ्या बाईचा तो कामाचा दिवस, फार कामाचा. पण त्याच दिवशी तिला माहेरगावचे माणूस भेटते, आईचा निरोप मिळतो, कोणाला नात झाली आणि कोणाची विहीर लागली हे कळते. शेर, मापटे, चिपटे, कोळवे, निळवे हे एकाच्या निम्मे दुसरे असे उतरत जाणारे माप तिच्या आजीच्या बोटांत होते. १९५६ च्या कायद्याने किलो आला तरी पाव-अर्ध्याचा तो हिशेब तिच्या तोंडी तसाच सळसळत असतो, आणि शाळेत पावकी-निमकीला घाबरणारे तिचे पोर तिच्याशेजारी पोत्यावर बसून तीच पावकी न घाबरता शिकते. मुंबईच्या उपनगरी गाडीत, जेथे उभे राहावयास वीतभर जागा मिळत नाही, तेथे भजनी मंडळे आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ पिशवीतून निघतात, आणि कचेरी येईपर्यंत अभंग चालतो. दसरा जवळ आला की ही माणसे डब्यास तोरण बांधून त्याची पूजा करतात. रविवारी हे मंडळ भरत नाही, कारण रविवारी कोणी कामाला जात नाही. त्या गर्दीचा मी गौरव करीत नाही. गाड्या वाढाव्यात, डबे वाढावेत, माणसाला माणसासारखे बसता यावे, ही मागणी त्या भजनकऱ्यांचीही आहे आणि माझीही आहे. परंतु त्यांनी त्या तासात जे उभे केले ते रविवारचे उसने घेतलेले नाही.

म्हणून वक्त्यांशी माझा वाद सुटीविषयी नाही. सुटी अधिक मिळावी, कामाचे तास कमी व्हावेत, प्रवास ज्याला परवडत नाही त्याला परवडावा, या साऱ्यास माझी अनुमती आहे, आणि त्यासाठी अर्जावर सही करण्यास मी आजही तयार आहे. ज्या घरात रात्रीच्या भाकरीची भ्रांत आहे तेथे जाऊन चंद्र दाखविणे हा अपराध आहे, हेही मला मान्य. माझा आक्षेप त्यांच्या नोंदीस आहे. पाहणी न करता, शेतात पाऊल न टाकता, त्यांनी लोकांच्या सहा दिवसांवर शेरा मारला, आणि टाळ्या वाजविणाऱ्या शेकडो माणसांनी, ज्यांत शिक्षक होते, परिचारिका होत्या, माझ्यासारखे कारकून होते, स्वतःच्याच आयुष्याविरुद्धचा तो शेरा कबूल करून त्यावर जणू सही केली. मला दुःख झाले ते त्या टाळ्यांचे.

हे लिहीत असताना सोमवारची रात्र झाली आहे. आज कार्तिक वद्य चतुर्थी, घरात संकष्टीचा उपास आहे, आणि चंद्रोदयाची वाट पाहत स्वयंपाकघरात मोदकांचे पातेले झाकून ठेवले आहे. पाचवीत शिकणारी माझी नात गुरुवारपासून रोज गच्चीवर उभी राहून मुठीने अंतर मोजते आहे; काल आर्द्रेपाशी असलेला चंद्र आज पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ असणार असे तिने दुपारीच सांगून ठेवले होते. आता तिची हाक आली, "आजोबा, डोंगरावर उजेड आला!" मी लेखणी ठेवून वर गेलो. चंद्र वर आला, आजीने ओवाळले, नातीने हात लांब करून मूठ धरली आणि तिचे अनुमान बोटभराने चुकले होते; ते का चुकले हे तिला जेवणाआधीच हवे होते. पुष्याचे तारे अंधुक असतात, चांदण्यात ते दिसावयाचे नाहीत, त्यांची जागा मापानेच काढावी लागेल, असे मी तिला सांगितले. तिने खाली येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मंगळवारच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिले आहे: पुष्य, सव्वा मूठ, साडेनऊ.